नियमांचा ताळा

(वाशी येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



समोर बसलेल्यांपैकी बरेच जण ऐरोली, महापे, घणसोलीच्या कार्यालयांतून थेट इथे आले आहेत, हे गळ्यातल्या पट्ट्यांवरून दिसतंय. उरलेले बहुधा त्यांचे आईवडील असावेत. त्यामुळे मला दोन्ही बाजू सांभाळून बोलावं लागेल. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे शिक्षक होते. उत्तर काढलंस ना, मग ताळा करून दाखव, हा त्यांचा शिरस्ता. आजचा माझा विषय ताळ्याचाच आहे, फक्त तो उत्तराचा नसून नियमाचा आहे. सॉफ्टवेअरची रचना कशी असावी याचे नियम प्रत्येक टीमकडे असतात, पण ते पाळले जातात की नाही हे ताडून पाहण्याची सोय फार थोड्यांकडे असते. आणि ती नसण्याचं कारण आळस नाही. तपासता येईल असा नियम लिहिणं आपण अकारण अवघड करून ठेवलं आहे.

सुरुवात बेलापूरपासून करू. सीबीडीच्या सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट्स व्हिलेज तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. १९६५ साली प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर ज्यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली, त्या चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी ही वसाहत आखली. सुमारे ५५० घरं, छोटे छोटे भूखंड. सात घरांच्या मध्ये सुमारे आठ मीटर लांबीरुंदीचा एक चौक, अशा तीन गटांच्या मध्ये बारा मीटरचा मोठा चौक. आणि या सगळ्याखाली एक साधा नियम : शेजाऱ्याशी भिंत सामायिक नको. प्रत्येक घर आपापल्या भिंतींवर उभं. का? तर उद्या एखाद्या कुटुंबाला खोली वाढवायची झाली, तर शेजाऱ्याची परवानगी मागावी लागू नये, त्याच्या भिंतीला तडा जाऊ नये.

आज तिथे गेलात तर कोरियांची उतरत्या छपरांची घरं बरीचशी गेलेली दिसतील. त्यांच्या जागी दोन-तीन मजली आरसीसी घरं उभी आहेत. वास्तुकलेचे विद्यार्थी ते पाहून हळहळतात. मला तितकं वाईट वाटत नाही. घरं बदलली, पण चौक बऱ्याच अंशी राहिले, आणि एकाचं घर पाडताना दुसऱ्याचं पडलं नाही. म्हणजे ज्या कामासाठी तो नियम होता ते काम त्याने केलं.

१९७२ साली डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने एका छोट्या निबंधात नेमकी हीच गोष्ट प्रोग्रामविषयी मांडली. प्रोग्रामचे भाग पाडताना कामाचा क्रम बघून पाडू नका. कोणता निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे ते ओळखा आणि तो निर्णय एकाच भागात दडवा. मग तो बदलला तरी बाकीच्यांना कळायचंही कारण नाही. आपल्या धंद्यात ज्याला चांगलं डिझाइन म्हणतात त्याचा निम्मा भाग यात आला.

आता फरक बघा. बेलापुरात कुणी शेजाऱ्याच्या भिंतीवर तुळई टेकवली तर ती सगळ्या चौकाला दिसते, आणि संध्याकाळपर्यंत भांडणही होतं. कोडमध्ये हेच करायला एक ओळ पुरते. फाइलच्या डोक्यावर एक ‘इम्पोर्ट’ लिहिला की पलीकडचा विभाग तुमच्या विभागाला कायमचा जोडला गेला. ती ओळ कुणाला दिसत नाही. प्रोग्राम तर उत्तम चालतो. सहा महिन्यांनी पलीकडच्यांनी त्यांची एक खोली पाडली की तुमचं छप्पर खाली येतं.

नियम नसतो असं नाही. महापेच्या कुठल्याही कार्यालयात विचारा, नियम तोंडपाठ असतात. पडद्याच्या बाजूच्या कोडने थेट डेटाबेसला हात लावायचा नाही, सर्व्हिसमार्फत जायचं. पैशाची रक्कम दशांश चिन्हाच्या साध्या संख्येत ठेवायची नाही. हे नियम असतात कुठे, तर एका डॉक्युमेंटमध्ये, ज्याच्या पहिल्या पानावर आवृत्ती १.२ आणि नोकरी सोडून गेलेल्या आर्किटेक्टचं नाव असतं. किंवा मग एखाद्या सीनियर बाईंच्या डोक्यात. दुसऱ्याचा कोड आत जाण्यापूर्वी तपासताना, म्हणजे रिव्ह्यूत, त्या दर वेळी लिहितात, ‘पुन्हा तेच. कृपया सर्व्हिसमधून जा.’ नवा मुलगा दुरुस्त करतो. पुढच्या आठवड्यात दुसरा नवा मुलगा तेच करतो. बाई रजेवर असताना, रिलीज शुक्रवारी असताना, तिसऱ्याची ओळ तशीच आत जाते. मग ती तिथे आहे म्हणून चौथा तिची नक्कल करतो, आणि त्याची काही चूक नाही. समोर चालता कोड दिसत असताना डॉक्युमेंट कोण उघडणार?

घरांच्या बाबतीत आपण हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे, कारण त्यातलं एक मोठं काम पुण्यातच झालं. नगरपालिकेत बांधकामाचा नकाशा मंजुरीला गेला की पूर्वी कनिष्ठ अभियंता पट्टी घेऊन बसायचा. बाजूची मोकळी जागा, जिन्याची रुंदी, चटई क्षेत्र, सगळं हाताने मोजायचं. पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनियर्स या कंपनीने ‘ऑटोडीसीआर’ नावाची प्रणाली बनवली, जी कॅडमधला नकाशा वाचून तो विकास नियंत्रण नियमांशी ताडून पाहते. पुणे महापालिकेसह अनेक ठिकाणी ती वापरात आली. पण नकाशा यंत्राला वाचता यावा यासाठी आर्किटेक्टना आपली सवय बदलावी लागली. भूखंडाची हद्द ठरलेल्या नावाच्या लेयरवर, मजल्याची बाह्यरेषा दुसऱ्या लेयरवर, प्रत्येक आकृती बंद. रेषेचं टोक केसभर उघडं राहिलं तर यंत्राच्या लेखी ती खोलीच नाही. आर्किटेक्ट मंडळींनी सुरुवातीला कपाळाला हात लावला नसता तरच नवल. माणसाला जे नुसतं बघून कळतं ते यंत्रासाठी नाव देऊन सांगावं लागतं, आणि सांगण्याचा हा त्रास कुणीतरी सोसावा लागतो.

नियमांनाही आधी मोजता येईल असं रूप घ्यावं लागलं होतं. घरात उजेड आणि हवा पुरेशी हवी, याला कुणाचा विरोध नाही, पण ‘पुरेशी’ कशी तपासणार? आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने तोडगा काढला : खिडक्यांच्या उघड्या भागाचं जमिनीच्या क्षेत्रफळाशी प्रमाण. नवी मुंबईसारख्या दमट उष्ण हवेत किमान एक षष्ठांश, कोरड्या उष्ण प्रदेशात एक दशांश, थंड प्रदेशात एक द्वादशांश. लगेच पट्टीने मोजता येतं, यंत्रालाही मोजता येतं. अर्थात एक षष्ठांशाची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून असू शकते. नियम पाळला जातो आणि दिवसा दिवा लावावा लागतो. कोपरखैरण्यात राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. तपासता येणारा नियम मूळ हेतूचा प्रतिनिधी असतो, आणि प्रतिनिधींचा अनुभव आपल्याला आहेच.

तरीही मी प्रतिनिधीच्याच बाजूचा. हेतू मोठा आणि नियम मोघम असला की त्याचा उपयोग फक्त अपघातानंतर दोष कुणावर ढकलायचा यासाठी होतो. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली अतिसंवेदनशील सॉफ्टवेअरसाठी दहाच नियम सुचवले. त्यांची तक्रार अशी होती की नियमावल्या शंभर-शंभर कलमांच्या असतात, त्यातलं बहुतेक यंत्राला तपासता येत नाही, म्हणून कुणी पाळत नाही. त्यांचे नियम कडक होते. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, नको. प्रत्येक लूप किती वेळा फिरेल याला ठरलेली कमाल मर्यादा हवी. एक फंक्शन कागदाच्या एका पानावर, म्हणजे साधारण ६० ओळींत, मावलं पाहिजे. साठच का, पासष्ट का नाही, असा वाद घालता येतो. पण निदान वाद घालायला आकडा आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कोड तपासणारी साधनं नवी नाहीत. बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांचं ‘लिंट’ १९७० च्या दशकातलं. आज प्रत्येक भाषेला तिचा तपासनीस आहे. मग आपल्या टीमचे स्वतःचे नियम त्यात का नसतात? कारण ही साधनं बनवणारे लोक कंपायलरच्या जगातले. नियम लिहायचा तर त्यांच्या भाषेत लिहा म्हणतात. ‘पडद्याने डेटाबेसला हात लावू नये’ एवढं सांगण्यासाठी प्रोग्रामचं वाक्यरचनावृक्षात रूपांतर कसं होतं, त्याच्या फांद्यांची नावं काय, त्यावर कसं चढायचं हे शिका. बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी हे शिकू शकत नाही असं नाही. पण तिला शुक्रवारी रिलीज आहे. रिव्ह्यूत ‘पुन्हा तेच’ लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि नियम लिहायला दोन दिवस. ती अर्ध्या मिनिटाचं काम दोनशे वेळा करेल, दोन दिवसांचं एकदाही करणार नाही. तुम्ही-आम्हीही तेच करू.

लिनक्सच्या जगात याचं एक फार सुंदर उत्तर निघालं. ज्युलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉक्सिनेल’ नावाचं साधन बनवलं. लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणारे लोक एकमेकांना बदल कळवतात ते पॅचच्या रूपात. जी ओळ जाते तिच्यापुढे वजा, जी येते तिच्यापुढे अधिक. दिवसभर ते हेच वाचतात. कॉक्सिनेलने नवी भाषा शिकवली नाही, पॅचच घेतला आणि त्यात थोडी ढिलाई आणली. इथे कुठलंही नाव चालेल, इथे तीन टिंबं म्हणजे मध्ये काहीही असू दे. झाला नियम. आज कर्नलच्या कोडबरोबरच अशा नियमांचा एक संग्रह असतो आणि एका आज्ञेने तो सगळा चालवता येतो. या कामातले योआन पाडियोलो पुढे फेसबुकमध्ये गेले, तिथे त्यांनी याच कल्पनेवरचं साधन केलं आणि त्यातून आजचं ‘सेमग्रेप’ आलं. त्यात नियम हा कोडच्या तुकड्यासारखाच दिसतो. कामगाराला ज्या अवजाराची मूठ ओळखीची आहे तेच थोडं घासून द्यायचं, एवढंच त्यांनी केलं.

जावात काम करणाऱ्यांसाठी ‘आर्चयुनिट’ आहे. त्यातला नियम जवळजवळ वाक्यासारखा वाचता येतो : अमुक पॅकेजमधल्या क्लासेसनी तमुक पॅकेजवर अवलंबून असू नये, कारण व्यवहाराची हद्द सर्व्हिसमध्ये ठरते. हा नियम इतर टेस्टबरोबरच चालतो, वेगळं दुकान नाही. यातलं ‘कारण’ मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नियम मोडला की यंत्र नुसतं अडवत नाही, का अडवलं ते नियम लिहिणाऱ्याच्या शब्दांत सांगतं. सीनियर बाईंचं स्पष्टीकरण त्या रजेवर असतानाही मिळतं.

याच साधनात आणखी एक शहाणपणाची सोय आहे. पंधरा वर्षं जुन्या प्रोग्रामवर नियम पहिल्यांदा लावला की हजारो उल्लंघनं निघतात. टीम लीड ते बघून नियमच बंद करतो. आर्चयुनिटमध्ये जुनी उल्लंघनं गोठवून नोंदून ठेवता येतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण नवं एकही चालणार नाही, आणि जुनं एखादं दुरुस्त झालं की यादीतून गळतं. सिडकोच्या भागात राहणाऱ्यांना अतिक्रमणं नियमित करण्याची पद्धत ठाऊक आहे. फरक एवढाच की इथे तारीख खरंच पाळली जाते.

एक उदाहरण जवळून पाहू. पैशाचा नियम घ्या. संगणकाच्या ‘डबल’ या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. तिनानंतर पंधरा शून्यं आणि मग एक चार येतो, कारण आत सगळं द्विमान पद्धतीत असतं आणि तिथे एक दशांश कधी पूर्ण लिहिताच येत नाही. एका व्यवहारात फरक दिसत नाही. लाखो व्याज-नोंदींची बेरीज घ्या, रात्रीचा हिशेब पैशा-दोन पैशांनी चुकतो, आणि त्या दोन पैशांपायी चार माणसं पहाटेपर्यंत जागतात. म्हणून नियम : रक्कम डबलमध्ये नको.

लिहायला बसलात की पहिला प्रश्न येतो : यंत्राला रक्कम ओळखायची कशी? नावावरून म्हणावं तर एका फाइलीत ‘अमाउंट’ आहे, दुसरीत ‘एएमटी’, तिसरीत ‘बॅल’, आणि मराठी मुलाने लिहिलेल्या चौथीत ‘व्याज’. नावांची यादी करत बसलात तर पाचवीत कुणीतरी ‘एक्स’ लिहिलेलं सापडतं. शेवटी टीमच्या लक्षात येतं की आपल्या प्रोग्राममध्ये ‘पैसा’ अशी वस्तूच नाही, नुसत्या संख्या आहेत. मग ‘मनी’ नावाचा एक क्लास तयार होतो, त्यात रक्कम आणि चलन दोन्ही, आणि नियम एका ओळीचा होतो : खात्यांच्या विभागात डबल कुठेच नको. नियम लिहिता लिहिता रचना सुधारली. जो नियम लिहिता येत नाही त्याच्यामागे बहुतेक वेळा असं एक न दिलेलं नाव असतं. कॅडमधल्या लेयरचीच गोष्ट पुन्हा इथे आली.

सगळंच असं लिहिता येतं का? नाही. १९५३ साली हेन्री राइस यांनी सिद्ध केलं की प्रोग्रामच्या वर्तनाविषयीच्या कुठल्याही क्षुल्लक नसलेल्या प्रश्नाचं उत्तर सर्व प्रोग्रामांसाठी अचूक देणारी यांत्रिक रीत असू शकत नाही. त्यामुळे तपासनीस कुठेतरी अंदाज करणार, आणि कधी उगाच ओरडणार. किती ओरडलेलं चालेल? गुगलने आपल्या अंतर्गत तपासणीसाठी मर्यादा घातली : खोट्या तक्रारी दहा टक्क्यांच्या आत. आणि खोटी तक्रार कोणती, तर जिच्यावर डेव्हलपरने काही केलं नाही ती. तक्रार शास्त्रदृष्ट्या बरोबर असली तरी ऐकणाऱ्याला पटली नाही, तर दोष तपासनिसाच्या खात्यात. मला ही व्याख्या फार आवडते. आपल्याकडे उलट असतं. साधन विकत घेतलं जातं ते क्लायंटच्या ऑडिटसाठी, पहिल्या दिवशी चाळीस हजार इशारे येतात, आणि महिन्याभरात सगळे ते न बघण्यात तरबेज होतात.

आता नवी गोष्ट. आज कोडचा मोठा भाग कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते, आणि नियम आता साध्या वाक्यांत तिलाच सांगितले जातात : सर्व्हिसमधून जा, डबल वापरू नको. ती बहुतेक वेळा ऐकते. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द सीनियर बाईंच्या परिचयाचे आहेत. माझं मत असं की तिच्याकडून आज्ञापालनाऐवजी तपासनीस लिहून घ्यावा. वाक्य तुम्ही द्या, वाक्यरचनावृक्षावर चढायचं काम तिला द्या. आणि सोबत दोन उदाहरणं आपल्या हाताने लिहा, एक चालणारं आणि एक न चालणारं. जावास्क्रिप्टच्या ‘ईएसलिंट’ या तपासनिसात नियमाची परीक्षा अशाच दोन याद्यांनी घेतात, वैध आणि अवैध. न चालणारं उदाहरण माणसानेच लिहिलं पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे. नियम कशासाठी होता हे त्यातच कळतं.

आपल्याकडे हे जमणारी माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात प्रोग्राम तपासण्याच्या शास्त्रावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. टीसीएसच्या संशोधकांचं ‘व्हेरिअ‍ॅब्ज’ हे साधन २०२० च्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर पडताळणी स्पर्धेत ‘रीचसेफ्टी’ गटात पहिलं आलं. इथून दोन-तीन तासांच्या अंतरावर जगातला एक उत्तम तपासनीस तयार होतो. पण तो काय तपासणार? कुणीतरी लिहून दिलेली अट. ती लिहायला ऐरोलीतल्या आठव्या मजल्यावर कुणाला वेळ दिला आहे का, हा प्रश्न पुण्याच्या प्रयोगशाळेत सुटणार नाही.

आणि इथे व्यवस्थापक मंडळी बसली आहेत म्हणून स्पष्ट बोलतो. आपल्या कंपन्यांत दर आठवड्याला टाइमशीट भरतात. त्यात कोडिंगला रकाना आहे, टेस्टिंगला आहे, मीटिंगला आहे, ट्रेनिंगलाही आहे. नियम लिहिण्याला नाही. बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या मुलीने अर्धा दिवस घालून पैशाचा नियम लिहिला तर तो अर्धा दिवस कुठल्या क्लायंटच्या नावावर टाकायचा हे तिला कळत नाही, म्हणून ती तो घरी लिहिते किंवा लिहीतच नाही. रिव्ह्यूत दोनशे वेळा घातलेलं अर्धं मिनिट मात्र बिनबोभाट बिलात जातं. तो रकाना उघडा. सुरुवातीला आठवड्याला दोन तासांचा उघडा, आणि त्यात पहिली नोंद त्या सीनियर बाईंना करू द्या. दहा नियम त्यांच्या डोक्यात तयारच आहेत, आणि त्यांची रजा पुढच्या महिन्यात आहे.